बंदुकीची वंशावळ

जुनी पुस्तके विकत घेण्याची सवय आपल्यापैकी बहुतेकांना आहे. पहिल्या पानावर आधीच्या धन्याचे नाव असते, कधी तुकडी आणि हजेरी क्रमांक, कधी समासात तिसऱ्याच कुणाच्या हातच्या खुणा. त्या नावांशी आपल्याला काही कर्तव्य नसते. जुन्या सायकलीचेही तसेच. पावती नसली तरी चालते, निदान चालवून घेतली जाते. पण एक जिन्नस असा आहे की तो जुना घ्यायचा तर वस्तूच्या आधी धन्यांची नावे तपासावी लागतात. तो जिन्नस म्हणजे बंदूक.

कॉलेजच्या अंकात सहलीचे वर्णन आणि कविता यांच्यामध्ये बंदूक कुठून उपटली, असे कुणी विचारील. आमचे घर मूळचे माळव्यातल्या देवासचे. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही बेळगावात आलो. (कुमार गंधर्व इथल्या सुळेभावीचे, ते १९४८ साली देवासला राहायला गेले, आम्ही उलट्या वाटेने आलो. या अदलाबदलीत देवासचा फायदा झाला हे मान्य करून पुढे जाते.) आजोबा २०२३ साली वारले आणि त्यांच्यामागे कपाटात एक दुनळी बंदूक उरली. ती कोणाला द्यायची, कशी द्यायची, यावरून घरात जी चर्चा झाली ती अजून पुरती संपलेली नाही. त्या निमित्ताने मी जे वाचले आणि पाहिले त्यावरून माझे एक मत बनले आहे. ते असे की ज्याला बंदुकीची खरोखर गरज आहे त्याने ती गावातल्या परवाना असलेल्या छोट्या दुकानातून, शक्यतो जुनीच घ्यावी. हातोहात घेऊ नये. आणि अशी दुकाने एकेक करून बंद पडली तर त्यात समाजाचा तोटा आहे.

दुसऱ्या वाक्याला पुष्कळांची हरकत असेल. बंदुकीची दुकाने बंद पडली तर बरेच, असे वाटणे साहजिक आहे. आमच्या आजीचेही हेच मत होते.

धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. अठराव्या शतकात मराठे माळव्यात उतरले तेव्हापासूनची. पवार आपले नाते भोज राजाच्या परमार वंशाशी सांगतात. वंशावळीची हौस आम्हा माळवी मराठ्यांना भारी. देवासला तर एका गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदत होती. १९४८ साली दोन्ही मध्यभारतात विलीन झाली. अशा ठिकाणी घरात हत्यार असणे हा भूषणाचा भाग होता. दसऱ्याला तलवारीशेजारी बंदूकही पाटावर मांडली जाई. परंतु सरकारी कागद चिकटला तो याच भूषणाला. १८५७ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी वेढा घालून धारचा किल्ला घेतला आणि काही काळ संस्थानच खालसा केले. लगेच नोव्हेंबरात आपल्याकडे मुधोळजवळच्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारे सरकारजमा करायला नकार देऊन उठाव केला. ही कथा अंकाच्या कन्नड विभागातल्या मित्रांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. त्यानंतर १८७८ चा लिटनसाहेबाचा हत्यारांचा कायदा आला. त्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि गोऱ्याला मोकळा सोडला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला तो सर्वांना सारखा लागू करून. तेव्हा परवान्याचा जन्म अविश्वासातून झाला हे खरे, पण म्हणून आजचा परवाना निरर्थक ठरत नाही.

आता आमच्या बंदुकीकडे येते. बेल्जियममधील लिएजची बारा बोअरची दुनळी, बाहेर घोडे असलेली. नळीवर अंडाकृतीत ई, एल, जी ही अक्षरे आहेत. लिएजच्या चाचणीगृहात नळी तपासून पास केल्याचा तो शिक्का. आजोबांनी ती १९६८ साली देवासच्या एका छोट्या दुकानातून घेतली होती, आणि तेव्हाही ती जुनीच होती. तिने शेवटचे सावज कधी पाहिले हे आजीलाही आठवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली आणि हे योग्यच झाले. धार जिल्ह्यात सरदारपूरला १९८३ साली खरमोराचे अभयारण्य झाले. पावसाळ्यात गवतातून उंच उडी मारून मादीला खुणावणारा हा पक्षी. त्या उडीमुळेच तो बंदुकीच्या टप्प्यात सापडे. ज्या पिढीने अशा पक्ष्यावर नेम धरला तिच्या हौसेची वकिली मला करायची नाही.

मग गरज कुणाला? आमची आत्या धार जिल्ह्यात दिलेली आहे. आतोबांचे शेत वस्तीपासून दूर, सोयाबीन आणि गहू-हरभऱ्याचे. रात्री विहिरीवरची मोटर आणि तांब्याची केबल चोरीला जाते. रानडुकरे आणि रोही पीक लोळवतात. रोह्याला स्वतःच्या शेतातही परवानगीवाचून मारता येत नाही आणि आतोबांना मारायचेही नाही. पण मळ्यावर एकट्याने रात्र काढणाऱ्या माणसाला लांब नळीचा आधार वाटतो, हे शहरात बसून हसण्यासारखे नाही. कायद्यालाही ते कळते. संरक्षणासाठी २० इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीक राखायला ठासणीची बंदूक, या दोन्हींचा १९५९ च्या कायद्याने वेगळा, त्यातल्या त्यात सौम्य विचार केला आहे. कारण उघड आहे. असली बंदूक कमरेला खोचता येत नाही. ती घेऊन जाणारा माणूस गावाला दिसतो.

आतोबांपुढे तीन वाटा होत्या. एक, आजोबांची बंदूक घरातल्या घरात उचलून नेणे; 'आपलीच तर आहे.' दुसरी, दुकानामार्फत रीतसर घेणे. तिसरी वाट बाजारात एका ओळखीच्या माणसाने हळूच सांगितली. मनावर आणि गंधवानीच्या बाजूला गावठी पिस्तूल मिळते, दुकानातल्या जुन्या बंदुकीहून स्वस्त, आणि चार दिवसांत.

ही तिसरी वाट धारची बदनामी होऊन बसली आहे. सिंघाना, बारिया या गावांची नावे पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत गुन्हे वार्तेतच वाचायला मिळतात. तिथे हत्यार घडवणारे लोक शिकलगार. आपल्याकडे शिकलगार म्हणजे सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा, सायकलवर चाक बांधून गल्लोगल्ली फिरणारा. मूळ धंदा हत्यारांना पाणी आणि चकाकी देण्याचा, शीख सैन्यासाठी हत्यारे घडवल्याची परंपरा सांगणारा. हत्यारांवर परवाना आला आणि यांचा हुन्नर एका रात्रीत गुन्हा ठरला. बिहारात मुंगेरच्या कारागिरांना परवान्याचे कारखाने मिळाले, तशी वाट माळव्यातल्या शिकलगारांना मिळाली नाही. यात त्यांच्यावर अन्याय झाला असे मला वाटते. मात्र त्या अन्यायाची भरपाई म्हणून गावठी पिस्तूल विकत घेणे हा काही न्याय नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना बंदूक जवळ बाळगणाऱ्याला कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आहे. बनवणाऱ्या-विकणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

शिक्षेपेक्षाही मोठी गोष्ट दुसरी आहे. गावठी हत्याराला नाव नसते, नंबर नसतो, आधीचा धनी नसतो. आपल्या परिसराला याचा अनुभव आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापूरला गोविंद पानसरे, त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडला डॉ. कलबुर्गी, २०१७ च्या ५ सप्टेंबरला बंगळूरला गौरी लंकेश. या हत्यांत गावठी बनावटीची ७.६५ मि.मी. पिस्तुले वापरली गेल्याचे तपासात पुढे आले. कलबुर्गी सर आपल्याच विद्यापीठांच्या जगातले. उंबऱ्यावर आलेल्या त्या हत्याराची कुठल्याही दुकानाच्या वहीत ओळ नव्हती. गोळ्या आणि पुंगळ्या यांवरच्या ओरखड्यांवरून माग काढावा लागला.

आता दुकानाविषयी, कारण माझे मत तिथे बनले. नाव देत नाही. चालवणाऱ्या बोहरी चाचांना ते आवडणार नाही. देवासच्या बाजारातला एक अरुंद गाळा. भिंतीला लाकडी घोड्या, त्यांत उभ्या बंदुका आणि सगळ्यांच्या चापाच्या कड्यांतून ओवलेली एकच लांब साखळी. प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर 'विक्री' किंवा 'जमा'. मला आश्चर्य वाटले ते हे की निम्म्याहून अधिक 'जमा' होत्या. निवडणूक आली की परवानाधारकांना हत्यारे जमा करावी लागतात. काही जण ठाण्यात देतात, काही दुकानात. कुणी वारला, कुणाचा परवाना संपला, कुणाची मुले पुण्याला किंवा परदेशी गेली आणि घरी म्हातारी एकटी. बंदूक येते दुकानात. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात असे केले, वारसाहक्काच्या बंदुकाही त्या दोहोंतच धरल्या, आणि जादा हत्यार जमा करायला डिसेंबर २०२० पर्यंत मुदत दिली. तेव्हा गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती असे चाचा सांगतात. म्हणजे आपण ज्याला बंदूक 'विकण्याचे' दुकान म्हणतो ते बऱ्याच अंशी घरांतून बंदुका काढून घेण्याचे ठिकाण आहे. आजीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग त्याला दुकान का म्हणता, पांजरपोळ म्हणा!"

बंदूक समोर ठेवली की चाचा आधी तिला हात लावत नाहीत. परवाना मागतात. "बेटी, पहले किताब, फिर बंदूक." मग नंबर. नळ्यांवरचा, खाली पुढच्या लाकडाच्या लोखंडावरचा आणि कडीच्या भागावरचा, तिन्ही जुळले पाहिजेत. न जुळले तर दोन बंदुकांची मोडतोड करून एक केलेली असते. त्यानंतर बंदूक मोडतात. (मोडणे म्हणजे बिजागरीवर उघडणे. आजी पहिल्यांदा ऐकून दचकली होती.) नळ्या सुट्या करून बोटावर लोंबकळत धरल्या आणि लाकडाने हलकेच टिचकी मारली की चांगल्या नळ्या घंटेसारख्या वाजतात. भद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी कुठेतरी सुटली आहे. मग नळी उजेडाकडे धरून आत पाहायचे. सावलीची वर्तुळे सरळ गेली तर ठीक, कुठे वाकडी झाली तर तिथे पोचा आहे. गंजाचे खड्डे कांडाजवळ असतील तर घेऊच नये, कारण दाब तिथेच सर्वांत जास्त.

दोन गोष्टी मला सर्वस्वी नवीन होत्या. एक, जुन्या नळ्यांवर कापडाच्या विणीसारखी नक्षी दिसते ती शोभेसाठी नसून लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून नळी केल्याची खूण असते. असल्या नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजच्या धूर न होणाऱ्या दारूचे काडतूस त्यांत घालणे म्हणजे स्वतःचा डावा हात पणाला लावणे. दुसरी, जुन्या विलायती बंदुकांचे घर पुष्कळदा ६५ मि.मी. काडतुसाचे असते आणि आज सर्रास मिळणारे काडतूस ७० मि.मी.चे. लबाडी अशी की ७० चे काडतूस ६५ च्या घरात सहज बसते, कारण ही लांबी बार झाल्यावर उलगडलेल्या पुंगळीची मोजतात. बसले म्हणून उडवले की तोंड उलगडायला जागा नाही आणि दाब भलताच चढतो. आमच्या बंदुकीच्या नळ्या साध्या पोलादाच्या निघाल्या, घर मात्र ६५ चे. आतोबांनी ती घरातल्या घरात उचलून नेली असती आणि धारला पहिले मिळेल ते काडतूस भरले असते, तर काय झाले असते याचा विचार आत्याने मोठ्याने केला आणि आतोबा गप्प झाले.

पण खरी गोष्ट त्यापुढेच घडली. परवान्यावरच्या नंबरात एक आकडा चुकलेला होता. नळीवर ३, कागदावर ८. कुठल्याशा नूतनीकरणाच्या वेळी कुणी कारकुनाने उतरवताना केलेली चूक, आणि पुढच्या प्रत्येक नूतनीकरणात ती इमानाने उतरत आली. कायद्याच्या दृष्टीने आजोबांकडे परवान्यावरची बंदूक नव्हती आणि बंदुकीला परवाना नव्हता. संबंधित कचेरीत बाबांनी तीन खेपा घातल्या. तिथे उत्तर ठरलेले: बंदूक बदलली नाही याला पुरावा काय? पुरावा चाचांच्या दुकानात निघाला. त्यांच्या वडिलांच्या हातची १९६८ ची विक्रीवही. तारीख, बोअर, बनावट, नंबर, विकणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, दोघांच्या सह्या. आजोबांची सही मी ओळखली. शेवटच्या अक्षराची शेपटी ते शेवटपर्यंत तशीच ओढत. त्या ओळीत ३ स्वच्छ लिहिलेला होता. मागे कायद्याचे पाठबळ असलेल्या कचेरीला जे सापडले नाही ते पंधरा फुटी गाळ्यातल्या वहीत सापडले.

म्हणून मी म्हणते की जुनी बंदूक दुकानात महाग पडते ती लोखंडामुळे नव्हे. आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद असल्याने विलायती मालाला भाव आहे, ही गोष्ट वेगळी. पण मुख्य किंमत त्या ओळीची आहे. खासगी व्यक्तीने खासगी व्यक्तीला बंदूक द्यायची तरी कायदा सांगतो की आधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवा आणि ४५ दिवस थांबा. हे किती जण करतात? 'घरचीच' म्हणून नेलेल्या बंदुकांचे नंबर, घरे, परवाने कुठल्या वहीत जुळून पाहिले जातात?

माझ्या एका कोडगूच्या मैत्रिणीने यावर टोला दिला: "आमच्याकडे परवानाच लागत नाही, तरी काही बिघडत नाही." खरे आहे. कोडव लोकांना आणि जम्मा जमीनधारकांना ब्रिटिश काळापासून परवान्याच्या अटीतून सूट आहे. केंद्राने ती २०१९ साली दहा वर्षांसाठी वाढवली, उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. कैलपोळ्दला ते बंदुकीची पूजा करतात. पण मैत्रिणीनेच पुढे सांगितले की तिच्या घरी सुटीचा दाखला आहे आणि त्यावर बंदुकीची नोंद आहे. म्हणजे तिथेही कागद आहेच, फक्त त्याचे नाव वेगळे.

आजीच्या मताला मी अजून उत्तर दिलेले नाही. बंदुका कमी असाव्यात हे मलाही मान्य आहे. लग्नाच्या वरातीत बार काढणारे, मोटारीच्या काचेमागे दुनळी मिरवणारे, यांना परवाना तर नाहीच, चाचांच्या दुकानाची पायरीसुद्धा चढू देऊ नये. माझ्या वर्गातल्या ज्या मित्रांना सिनेमा पाहून पिस्तुलाची ओढ लागली आहे त्यांनी आधी एक दिवस जुन्या नळीतला गंज घासावा, हौस फिटेल. परंतु दुकान बंद केल्याने बंदुका कमी होत नाहीत. दुकान बंद झाले की म्हातारीच्या कपाटातली बंदूक कपाटातच राहते, परवाना संपून, नंबर पुसट होऊन, कधीतरी भलत्याच हाती जाईपर्यंत. आणि आतोबांसारख्या गरजवंताला बाजारातला तो ओळखीचा माणूस तेवढा उरतो. सरकारने आता प्रत्येक परवान्याला देशभराचा एक ओळख क्रमांक दिला आहे, परवाना पाच वर्षांचा केला आहे, सुरक्षित हाताळणीचे शिक्षण सक्तीचे केले आहे. ही सारी पावले चांगली. पण संगणकात ८ लिहिला गेला तर संगणक जन्मभर ८ च दाखवील. नळीवर भिंग धरून ३ वाचणारा माणूस गावात असावा लागतो.

आमच्या बंदुकीचा नंबर आता दुरुस्त झाला आहे. आतोबांचा परवाना मंजुरीच्या वाटेवर आहे. तोपर्यंत ती दुकानात 'जमा' या चिठ्ठीखाली उभी आहे आणि ६५ मि.मी.ची काडतुसे कुठे मिळतील याचा शोध चाचा घेत आहेत. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे. मुलगा इंदूरला मोबाइलचा धंदा करतो आणि या गाळ्यात त्याला रस नाही. दुकान मिटवले तर वह्यांचे काय करायचे, असे चाचांनी बाबांना विचारले. कुणा अधिकाऱ्याने अजून त्यांना ते विचारलेले नाही. वाळवी लागू नये म्हणून ते दर पावसाळ्याआधी कपाटात कडुनिंबाचा पाला घालतात.